विंडोजच्या सूचना : बंद काय होते आणि काय होत नाही

संगणकाच्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काही सेकंद दिसून नाहीशा होणाऱ्या चौकटीला विंडोज या कार्यप्रणालीच्या परिभाषेत ‘टोस्ट’ म्हणतात. टोस्टरमधून भाजलेला पाव वर यावा तशी ती वर येते, म्हणून हे नाव. या चौकटींना कंटाळलेल्या वापरकर्त्याचा समज बहुधा असा असतो, की कुठेतरी एक बटण आहे आणि ते दाबले की सारे शांत होईल. प्रत्यक्षात सूचना पाठवणारा एक असतो आणि ती दाखवणारा दुसरा. त्यामुळे पाठवणारा कोण हे न ओळखता केलेला बंदोबस्त एक तर अपुरा पडतो किंवा गरजेच्या सूचनाही सोबत घेऊन जातो.

एका बटणाच्या सर्वांत जवळ जाणारी सोय म्हणजे विंडोज ११ मधील ‘डू नॉट डिस्टर्ब’, जिचे विंडोज १० मधील नाव ‘फोकस असिस्ट’ असे होते. ती सुरू केल्यावर सूचना येतच नाहीत हा समज मात्र बरोबर नाही. त्या येतात, परंतु पडद्यावर न झळकता सूचना-केंद्रात, म्हणजे घड्याळावर टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या यादीत, साठत राहतात. गजर आणि वापरकर्त्याने प्राधान्य दिलेल्या प्रोग्रॅमच्या सूचना तर तेव्हाही दिसतात. एखादा विशिष्ट प्रोग्रॅमच नकोसा असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ विभागात ‘नोटिफिकेशन्स’ या पानावर त्याचे नाव शोधून पडद्यावर झळकणारी चौकट, आवाज आणि सूचना-केंद्रातील नोंद यांपैकी हवे ते वेगवेगळे बंद करता येते. अर्थात यामुळे तो प्रोग्रॅम थांबत नाही. तो पूर्वीप्रमाणेच चालू राहतो, स्मृतीही तेवढीच व्यापतो, आणि म्हणूनच सूचना बंद केल्याने संगणक वेगवान होतो ही अपेक्षा फोल ठरते.

सर्वाधिक घबराट मात्र वेगळ्याच प्रकारच्या सूचनांमुळे होते. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’, ‘संरक्षणाची मुदत संपली’ अशा मजकुराच्या चौकटी वारंवार येऊ लागल्या की वापरकर्ता संगणकाला लागण झाली असे मानतो, अँटिव्हायरसने सारी डिस्क तपासतो, तपासणीत काहीच सापडत नाही आणि चौकटी थांबत नाहीत, असा प्रकार सर्रास घडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी ही गत आहे, कारण पुष्कळदा तेथे व्हायरस नसतोच. असते ती वापरकर्त्याने स्वतः दिलेली परवानगी. गूगल क्रोम या ब्राउझरने २०१५ साली आपल्या ४२व्या आवृत्तीपासून संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची मुभा दिली. एकदा ‘अलाउ’ दाबले की ते संकेतस्थळ बंद असतानाही ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीवर काम करणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीमार्फत, ज्याला ‘सर्व्हिस वर्कर’ म्हणतात, सूचना पाठवू शकते. ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून ही परवानगी लबाडीने मिळवली जाते. २०२० च्या आरंभी फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी परवानगी विचारणारी चौकट सौम्य केली खरी, पण तेवढ्याने आधी दिलेली परवानगी रद्द झाली नाही.

अशा चौकटीत ब्राउझरचे नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत दिलेला असतो, आणि तो वाचला की निम्मे काम होते. मग चौकटीवर टिचकी न मारता, ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये संकेतस्थळांच्या परवानग्यांखाली ‘नोटिफिकेशन्स’ उघडून तो पत्ता काढून टाकावा. केवळ भेटींचा इतिहास पुसल्याने ही यादी पुसली जात नाही. विंडोजच्या पानावरून अख्ख्या ब्राउझरच्याच सूचना बंद केल्या तर उपद्रव थांबतो, पण ब्राउझरमधून येणारी मेलची किंवा दिनदर्शिकेची आठवणही थांबते. चौकटीवर टिचकी मारून एखादे ‘दुरुस्ती’चे साधन उतरवून घेतले असेल, तर मात्र खरी तपासणी करणे आवश्यक ठरते.

सूचना बंद केल्याने सुरक्षा कमी होते, हा ‘चौकट दिसली म्हणजे लागण झाली’ या समजाच्या उलट टोकाचा गैरसमज आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ या प्रोग्रॅममध्ये माहितीपर सूचना बंद करण्याची सोय आहे. ती वापरल्यावर ‘तपासणी पूर्ण, काही सापडले नाही’ अशा बातम्या थांबतात, तपासणी चालूच राहते आणि गंभीर धोक्याचे इशारेही येतात. याउलट पडदा मंद करून ‘या प्रोग्रॅमला बदल करू द्यावेत काय’ असे विचारणारी चौकट, जी २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी आली, ती दिसायला सूचनेसारखी असली तरी सूचना नव्हे. उत्तर मिळेपर्यंत ती त्या प्रोग्रॅमला अडवून धरते. सूचना अडवत नाही, फक्त सांगते. कटकट म्हणून परवानगी विचारणारी ती चौकट बंद करणे हे दारावरची घंटा काढण्यासारखे नसून दाराचे कुलूप काढण्यासारखे आहे, आणि या दोहोंची गल्लत अनुभवी वापरकर्तेही करतात.

विंडोज एक्सपीच्या काळात सूचना पिवळसर फुग्यांच्या रूपात येत, आणि डेस्कटॉपवर न वापरलेली चिन्हे पडून असल्याची आठवण तर दर ६० दिवसांनी होई. ते फुगे घालवण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे कार्यप्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘एनेबलबलूनटिप्स’ या नोंदीचे मूल्य शून्य करण्याचा उपाय तेव्हा प्रसिद्ध होता आणि आजही तो सांगितला जातो. परंतु विंडोज १० पासून जुन्या प्रोग्रॅमचे फुगेसुद्धा टोस्टच्याच रूपात दिसतात आणि त्यांचे नियंत्रण ‘नोटिफिकेशन्स’च्या पानावर आलेले असल्याने, या कामासाठी नोंदवहीत हात घालण्याचे कारण उरलेले नाही. त्याच पानाच्या अगदी तळाशी, सहसा कोणी उतरत नाही अशा जागी, विंडोजच्या स्वतःच्या शिफारशी, सल्ले आणि अद्ययावतीकरणानंतरचे स्वागत यांच्या चौकोनी खुणा असतात. सर्व प्रोग्रॅमच्या सूचना बंद करूनही काहीतरी सुचवत राहणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथे सापडते.