अतिदक्षता विभागातील रक्तशर्करा : नियंत्रण किती व कशासाठी?

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. "आमच्या माणसाला मधुमेह नाही, मग इन्सुलिन का?" हा पहिला, आणि "साखर १६० आहे, ती १०० वर का आणत नाही?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पट्ट्या व सिरिंज पंप यांवरील खर्चाचे प्रयोजन देणगीदारांसही कळावे, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

पालीसारख्या महामार्गावरील गावी अपघाताचे प्रसंग नवे नाहीत. गंभीर इजा, जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका किंवा मोठी शस्त्रक्रिया अशा संकटात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन आदी संप्रेरके मोठ्या प्रमाणात सोडते. त्यामुळे यकृतातून रक्तात साखर येते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. परिणामी मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर वाढते. स्टिरॉइड औषधांनी त्यात भर पडते.

ही साखर फार वाढल्यास पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, जखमा भरण्यास विलंब होतो आणि लघवीवाटे पाणी व क्षार निघून जातात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण पाहिले. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

मग साखर अगदी निरोगी माणसाइतकी का आणू नये? बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर ८० ते ११० मिलिग्रॅमच्या मर्यादेत राखल्याने अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ८ वरून ४.६ वर आले. साहजिकच जगभर तीच पद्धत अनुसरण्याकडे कल झाला. परंतु २००९ साली 'नाइस-शुगर' या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात साखर १८० पर्यंत राहू दिलेल्या गटात नव्वद दिवसांतील मृत्यू शेकडा २४.९ होते, तर कडक नियंत्रणाच्या गटात २७.५. साखर ४० किंवा त्याहून खाली जाण्याचे प्रकारही कडक नियंत्रणात शेकडा ६.८, तर दुसऱ्या गटात अवघे ०.५ होते.

मेंदूचे मुख्य इंधन साखर आहे. जागा माणूस साखर उतरली की घामाघूम होतो, थरथरतो, बोलून दाखवितो. गुंगीत, कृत्रिम श्वासावर असलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही. म्हणूनच आज साखर १८० च्या वर टिकून राहिल्यास इन्सुलिन सुरू करावे व बहुतांश रुग्णांत ती १४० ते १८० दरम्यान ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. १६० हा आकडा दुर्लक्षाचा नव्हे, तर विचारपूर्वक राखलेला असतो.

इन्सुलिन पंपाद्वारे शिरेतून दिले जात असताना प्रारंभी दर तासाला तपासणी करावी लागते. रक्तदाब फार खालावला असेल वा हातापायांस सूज असेल, तर बोटाच्या थेंबाचा आकडा फसवा ठरू शकतो. तेव्हा शिरेतील वा धमनीतील रक्त तपासणे इष्ट. इन्सुलिनमुळे रक्तातील पोटॅशियमही उतरते, त्यावर लक्ष ठेवावे लागते. नळीवाटे दिला जाणारा आहार काही कारणाने थांबला, तर इन्सुलिनचे प्रमाण त्वरित बदलावे लागते. जमाखर्चात पट्टीची किंमत तेवढी दिसते. रात्री तीन वाजता तो आकडा पाहून निर्णय घेणाऱ्या परिचारिकेची दक्षता कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही.

नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे की, रुग्णास मधुमेह असल्यास व औषधे चालू असल्यास दाखल करतानाच सांगावे. शहाळ्याचे पाणी वा आंब्याचा रस प्रेमापोटीही परस्पर देऊ नये. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे ते जन्मभराचे झाले, असेही समजू नये. आजार ओसरल्यावर अनेकांचे ते बंद होते. मात्र अशा रुग्णांत पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक असल्याने घरी गेल्यावर साखरेची फेरतपासणी अवश्य करावी.

आपल्या देणगीतून आलेली प्रत्येक पट्टी अशा एका निर्णयाच्या कामी येते.