आवाजाचा चुरा

वालीवमध्ये उभे राहून आवाजाविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. सकाळी गाळ्यांची शटरे वर गेली की पॉवर प्रेसचा ठोका, ग्राइंडरची किंकाळी आणि कॉम्प्रेसरची धाप संध्याकाळपर्यंत ज्यांच्या कानांची पाठ सोडीत नाहीत, त्यांना कोणी सांगितले की, चांगला आवाज मुद्दाम बिघडवणारे एक यंत्र निघाले आहे आणि लोक ते पदरचे पैसे मोजून घेतात, तर ते हसतील. मीही हसलो होतो. बेंजो पार्टीत वाजवणारा आमच्या ओळखीचा एक तरुण गणपतीच्या आधी अशी एक डबी घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा पहिला प्रश्न मी त्याला हाच विचारला की, बाबा रे, तुमच्या भोंग्यांनी आवाज फाटतो तो पुरत नाही का?

त्या डबीचे नाव बिटक्रशर. क्रशर म्हटले की वसईच्या पूर्वेला राहणाऱ्या माणसाला खडीचा क्रशर आठवतो आणि ती आठवण अगदीच चुकीची नाही. वरून अखंड दगड टाकावा आणि खालून ठरावीक मापाची खडी पडावी, तसाच काहीसा हा प्रकार आहे. ही डबी वाद्य आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जोडतात आणि पायाने चालू-बंद करतात, म्हणून तिला पेडल म्हणतात. संगीत नाटकाच्या काळात पायपेटी होती. तिथे पाय भाता हलवीत असे, इथे तो फक्त खटका दाबतो. बेंजोला पिकअप बसवलेला असतो, त्यामुळे तार छेडली की वीजरूप झालेला स्वर सरळ या डबीत शिरतो. डबीवर मुख्यतः दोन खुंट्या. एकीने मोजणीची बारकाई कमी होते, दुसरीने मोजणीची वारंवारता. सगळी करामत या दोन खुंट्यांत आहे. पण ती समजायला आवाज मोजतात कसा, हे आधी पाहिले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची वरखाली. मायक्रोफोन त्या वरखालीची वीज करतो. ही वीज अंकांत मांडायची तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : सेकंदात किती वेळा मोजायचे, आणि दर वेळी किती बारीक मोजायचे. दुसरी गोष्ट आपल्या गाळ्यातल्या कामगाराला मी सांगायची गरज नाही. शाफ्टचा व्यास साध्या फूटपट्टीने मोजला तर मिलिमीटरपर्यंत समजतो. व्हर्निअरने मोजला तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटरसुद्धा हाती लागतो. शाफ्ट तोच असतो, फक्त पट्टीवरच्या रेघा वाढलेल्या असतात. आवाजाच्या पट्टीवरील रेघा ‘बिट’ या हिशेबाने मोजतात. एक बिट वाढला की रेघा दुप्पट. ८ बिटांच्या पट्टीला २५६ रेघा, १६ बिटांच्या पट्टीला ६५,५३६. सन १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने १६ बिटांची पट्टी घेतली आणि सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचे ठरवले. टेलिफोन एक्स्चेंजे अंकांवर चालू लागली तेव्हा त्यांनी सेकंदाला ८,००० वेळा, आणि तेही ८ बिटांनीच, मोजण्यावर भागवले. तिथे रेघा सारख्या अंतरावर नसतात. हळू आवाजाजवळ दाट आणि मोठ्या आवाजाजवळ विरळ अशा शहाणपणाने आखलेल्या असतात, म्हणून एवढ्या काटकसरीतही मुलीने सासरहून केलेल्या फोनवर ती रडते आहे की हसते आहे, हे आईला कळत असे.

काटकसर ही त्या काळाची गरज होती. अंक साठवायला जागा महाग होती. १९८६ साली कॅसिओ कंपनीने एसके-१ नावाचा लहान मुलांच्या हातात द्यावा असा कीबोर्ड काढला. त्यात आपलाच आवाज भरून तो पट्ट्यांवर वाजवता येई. पण ८ बिट, सेकंदाला सुमारे ९,३८० मोजण्या आणि भरता येणारा आवाज दीड सेकंदाहूनही कमी. १९८७ चे ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे यंत्र १२ बिटांचे आणि सेकंदाला सुमारे २६,००० मोजण्यांचे. अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांनी जुन्या तबकड्यांवरचे ढोल त्यात भरले आणि बाहेर आलेला खरबरीत ठोका त्यांना मूळ ठोक्याहून अधिक आवडला. जागा स्वस्त झाली, यंत्रे सुधारली, आवाज स्वच्छ झाला; आणि मग लोकांना त्या खरबरीतपणाची चुटपुट लागली. म्हणून बिटक्रशर. गरिबी गेल्यावर पिठले-भाकरीची मेजवानी करावी, त्यातलाच हा मामला, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. परंतु तेवढेच असते तर हे पान मी लिहिले नसते.

आता पहिली खुंटी फिरवू. बेंजोची तार छेडली आणि बिट १६ वरून ८ वर आणले. तार छेडल्याबरोबर येणारा मोठा आवाज जवळजवळ तसाच वाटतो. फरक पडतो तो शेपटीत. स्वर विरत जातो, मूळच्या शंभराव्या हिश्श्यावर येतो, तेव्हा २५६ रेघांपैकी त्याच्या वाट्याला मधल्या रेघेच्या वर एक आणि खाली एक एवढ्याच उरतात. मग स्वर विरत नाही; करकरतो, पायरीपायरीने उतरतो आणि एकाएकी तुटतो. ४ बिटांवर, म्हणजे १६ रेघांवर, ही करकर ठोक्यातच शिरते. १ बिटावर तर केवळ ‘वर’ आणि ‘खाली’ एवढेच उरते आणि बेंजो, बासरी, माणसाचा गळा, सगळ्यांचा आवाज जत्रेतल्या खेळण्यासारखा होतो. यावरून वापराचा एक व्यावहारिक नियम निघतो. चुरा सर्वभर सारखा हवा असेल, तर स्वराची लहानमोठी पातळी सारखी करणारे कॉम्प्रेसरचे पेडल बिटक्रशरच्या आधी जोडावे. (हा कॉम्प्रेसर हवेचा नव्हे. तोही काम दाबण्याचेच करतो, पण आवाजाचे.) स्वर मरताना झिजलेला ऐकू यावा असे वाटत असेल, तर ते जोडू नये. आणि कानाला टोचणारी धार कमी करायची असेल, तर वरचे स्वर गाळणारा फिल्टर नंतर ठेवावा, आधी नव्हे.

दुसरी खुंटी अधिक खोडकर आहे. तिने सेकंदातल्या मोजण्या कमी होतात. सिनेमात टांगा धावत असताना त्याचे चाक उलटे फिरताना आपण सर्वांनी पाहिले आहे. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. दोन चित्रांमध्ये आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचला की डोळा फसतो आणि चाक मागे सरकलेसे दिसते. आवाजाचेही तसेच होते. सेकंदात जितक्या मोजण्या, त्यांच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच स्वर खरा मांडला जातो. त्याच्या वरचा स्वर नाहीसा होत नाही. तो दुमडून खाली येतो आणि भलत्याच नावाने वावरतो. सज्जन यंत्रांत हे होऊ नये म्हणून दारातच पहारेकरी बसवलेला असतो. तो वरचे स्वर आत येऊच देत नाही. बिटक्रशरने तो पहारेकरी मुद्दाम काढून टाकला आहे.

हिशेब करून पाहू. संगीतशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत षड्ज २४० कंपनांचा धरण्याची रीत आहे, तोच घेऊ. तारेच्या षड्जात २४० बरोबर ४८०, ७२०, ९६० हे तिचे उपस्वरही असतात. खुंटी १,००० मोजण्यांवर ठेवली, तर २४० आणि ४८० सुखरूप राहतात. पण ७२० चे होतात २८० आणि ९६० चे होतात ४०. २८० हा कोमल गंधाराच्याही जरा खालचा, कुठल्याच स्वरात न बसणारा पाहुणा. आता तीच खुंटी ९६० वर आणा. ७२० दुमडून नेमका २४० वर, म्हणजे षड्जावरच, येऊन बसतो. याच जागी पंचम छेडा, म्हणजे ३६०. त्याचा दुसरा उपस्वर ७२० हा षड्ज होतो आणि तिसरा, १,०८०, दुमडून १२० वर येतो. म्हणजे मंद्र षड्ज! वाजवला एकटा पंचम आणि खाली षड्ज आपोआप उमटला. खुंटी षड्जाच्या चौपटीवर लावली की षड्ज-पंचम त्यांच्या संगतीने बोलतात आणि ऋषभ-निषाद मात्र वाकडे, धातूसारखे वाजतात. हे कळल्यावर मी हसणे बंद केले. ज्या डबीत षड्ज लावता येतो, तिला खेळणे म्हणायला माझी जीभ कचरते.

‘धातूसारखे’ हा शब्द मी जाणून वापरला. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत असतात, घंटेचे नसतात. म्हणूनच घंटा घंटेसारखी वाजते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर अशा ठिकाणी लागल्या, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मेणवलीच्या घाटावर त्यातली एक आजही पाहायला मिळते. दुमडलेले उपस्वर पटीत बसत नाहीत, म्हणून बेंजोच्या तारेतून या डबीने काढलेला आवाज घंटेच्या घराण्यात जातो. वसईतून गेलेल्या घंटा परत यायच्या नाहीत. पण एखाद्या ऐतिहासिक नाटकात पडद्यामागे घंटानाद हवा असेल, तर तो आता तारेतून काढता येईल.

कोणी म्हणेल, हा खरखरीतपणा आपल्या संगीताला परका आहे. मला तसे वाटत नाही. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढली नाही, तारेखाली सुताचा दोरा सरकवला नाही, तर तंबोरा मुकाच. तार घोडीच्या सपाटीला हलकेच चाटत राहते आणि त्यातून उपस्वरांचा मोहोळ उठतो, डॉ. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलेही आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांचा तारपा घ्या. दुधी भोपळ्यातून येणारी त्याची ती घुमारी गुळगुळीत कोण म्हणेल? शुद्ध, गोल, निष्कलंक स्वर हे आपल्या लोकवाद्यांचे ध्येय कधीच नव्हते. फरक एवढाच की, जवारीतून निघतात ते तारेचे स्वतःचे उपस्वर, माहेरची माणसे. बिटक्रशरमधून निघतात ते बहुतेक परके. परक्यांना घरात घ्यायचे तर षड्जाची खुंटी नीट लावूनच घ्यावे, हे वर आलेच.

आणि एक गोष्ट फार जपली पाहिजे. चुरा झालेला आवाज पुन्हा सांधत नाही. २००६ साली माझ्या आत्याकडून हळदीची गाणी मी एका छोट्या यंत्रावर भरून घेतली. जागा पुरावी म्हणून सर्वांत जास्त तास भरतील अशा खटक्यावर यंत्र ठेवले. म्हणजे मोजण्या सर्वांत कमी. ‘स’सारख्या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनांत असते आणि तीच पहिल्यांदा गळतात. एका गाण्यात नवरीला उद्देशून एक शब्द आहे, तो ‘सोड’ आहे की ‘फोड’, हे मला आजवर समजलेले नाही. आत्या ‘फ’ म्हणताना ओठ मिटत नसे. दोन्ही शब्दांनी अर्थ लागतो आणि दोन्ही अर्थ वेगळे. आत्या २०११ मध्ये गेली. तिच्याबरोबरीने गाणाऱ्या दोघी त्याआधीच गेल्या होत्या. पुढे मी चांगल्या जाणकाराकडे ती ध्वनिफीत नेली. त्याने खरखर कमी करून दिली, पण जे मोजलेच नव्हते ते तो कुठून आणणार? यंत्राची तक्रार नाही. खटका मीच लावला होता.

म्हणून त्या तरुणाला मी एवढेच बजावले की, बेंजोची तार दोन वाटांनी ने. एक वाट सरळ, स्वच्छ, भरून ठेवण्यासाठी, दुसरी डबीतून. त्याने ऐकले. त्याच्या मित्रांची एक एकांकिका होती, प्रेसमध्ये बोट गमावलेल्या कामगाराची. त्यासाठी त्यांनी गाळ्यातल्या पॉवर प्रेसचा ठोका भरून आणला. पहिल्या प्रवेशात तो तसाच, स्वच्छ ठेवला. पुढे प्रत्येक प्रवेशात एकेक बिट कमी करत नेला. अपघातानंतर त्या माणसाच्या कानात फिरणारा ठोका ४ बिटांवरचा होता. त्याला शेपूटच उरली नव्हती, ठोका पडे आणि तुटे. तालमीला गाळ्यातले दोघे-तिघे कामगार बसले होते. त्यांतला एक मध्येच उठून बाहेर गेला आणि नाटक संपेपर्यंत आत आला नाही.

गणपतीत मात्र डबी बेंजोलाच होती. त्याने दुसऱ्या खुंटीशेजारी डबीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे आणि त्यावर बॉलपेनने एक रेघ मारून खाली ‘सा’ लिहिले आहे.