सशाचं पोट आणि घरातली घालमेल

ससा पाळणाऱ्या घरात सकाळी सगळ्यात आधी बघायच्या त्या पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या लेंड्या. तब्येत ठणठणीत असेल तर त्या गोल, कोरड्या, एकसारख्या असतात आणि बोटांनी चुरगळल्या की आत गवताचे बारीक तंतू दिसतात. त्या लहान, काळपट, एका टोकाला निमुळत्या होऊ लागल्या, केसांत ओवल्यागत एकमेकींना चिकटून येऊ लागल्या, किंवा रात्रभरात पडल्याच नाहीत, तर आतड्याची गती मंदावली आहे. माणसाचं पोट बिघडलं तर एखादं जेवण टाळून भागतं. सशाचं तसं नाही. दहा-बारा तास तोंडाला काही न लावलेला ससा डॉक्टरांकडे न्यावाच लागतो, मग रविवार असो की सणाचा दिवस.

पाळीव ससे हे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशांचे वंशज. (आपल्याकडे शेताच्या बांधावरून दचकून पळतो तो ससा निराळ्याच जातीचा, तो पाळण्याचा नाही आणि कायद्यानेही त्याला संरक्षण आहे.) कोरड्या माळावरच्या निकस गवतातून शेवटचा कस काढून घेईल असं पोट त्यांच्याकडे आहे. लहान आतडं संपतं तिथे उंडुक नावाची भली मोठी पिशवी असते. डॉक्टर तिला सीकम म्हणतात. पचनमार्गात एका वेळी असलेल्या ऐवजापैकी सुमारे ४० टक्के एकट्या या पिशवीत असतो आणि जिवाणू तो तिथे आंबवत असतात. मोठ्या आतड्यात निवड होते. जाड तंतू पुढे ढकलले जातात, त्यांच्या कोरड्या लेंड्या बनतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेने उंडुकात परत जातात.

दिवसाच्या ठरावीक वेळी ही दिशा पालटते. मग उंडुकातला आंबलेला ऐवज बाहेर येतो: तुतीच्या फळासारखा दिसणारा, मऊ, चिकट, उग्र वासाचा. ससा मान वळवून तो थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. ब गटातली जीवनसत्त्वं आणि जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं त्याला यातूनच मिळतात. मोरो या फ्रेंच अभ्यासकाने १८८२ मध्ये या सवयीचं वर्णन केलं होतं, तरी आजही नवखे पालक ते पाहून हबकतात आणि सशाला हटकतात. कृपा करून हटकू नका. ते त्याचं निम्मं जेवण समजा.

या सगळ्या कारभाराची लय सांभाळतो फ्यूजस कोलाय नावाचा मोठ्या आतड्याचा जाड स्नायूंचा भाग. चेतातंतूंनी तो गच्च भरलेला असतो आणि ससेकुळाखेरीज इतर प्राण्यांत सापडत नाही. स्वायत्त चेतासंस्था आणि संप्रेरकं त्याच्यावर हुकमत चालवतात. घाबरल्यावर छाती धडधडायला लावणारी, हातपाय गार पाडणारी जी यंत्रणा आपल्यात आहे, तीच सशात या लयीचा ताबा घेते.

भीतीने पोट थांबतं हे विज्ञानाला प्रत्यक्ष दिसलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. क्ष-किरण नुकतेच सापडले होते. हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारा वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न चारून पडद्यावर त्यांच्या जठराच्या हालचाली पाहत होता. मांजर चिडलं, घाबरलं की जठरावरच्या लाटा थांबत. ते शांत झालं की पुन्हा सुरू होत. १८९८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि पुढे ‘लढा किंवा पळा’ या प्रतिक्रियेची मांडणी त्याने केली ती याच वाटेने.

मांजराचं पोट थोडा वेळ थांबलं तर बिघडत नाही, कारण ते मांसाहारी आहे. सशाच्या पोटात आंबवण अखंड चालू असतं. गती थांबली की आतला ऐवज सुकू लागतो, जिवाणूंचा समतोल ढळतो, वायू धरतो. पोट दुखतं आणि त्या दुखण्यानेच आतडं आणखी आखडतं. ससा खाणं सोडतो. उपाशी शरीर चरबी वितळवू लागतं आणि ती यकृतात साठते. त्याला उलटी करता येत नाही, आणि दुखलं म्हणून तो सहसा ओरडतही नाही. तो कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धवट मिटून बसतो, कधी दात कराकरा वाजवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याने दुखणं लपवायचंच असतं.

आता प्रश्न मालकाच्या ताणाचा. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं, तेव्हा दोघांचे आकडे बरोबरीने वरखाली होताना दिसले. सशाच्या बाबतीत मला त्याहून बोलका वाटतो तो रॉबर्ट नेरेम आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’ नियतकालिकात १९८० मध्ये छापून आलेला प्रयोग. सगळ्या सशांना कोलेस्टेरॉलयुक्त खुराक सारखाच. फरक एवढाच, की एका गटाला नियमितपणे हातात घेतलं जाई, कुरवाळलं जाई, त्यांच्याशी बोललं जाई. त्या सशांच्या महाधमनीत चरबीचे थर दुसऱ्या गटापेक्षा ६० टक्क्यांहूनही अधिक प्रमाणात कमी आढळले, रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत जवळपास सारखंच असूनही. प्रयोग धमनीचा होता, आतड्याचा नव्हता. पण माणसाचा हात कसा लागतो हे सशाच्या शरीरात आतपर्यंत पोचतं, एवढं त्यातून पक्कं कळतं.

घरात कुणाचं ऑपरेशन असतं, दहावीची परीक्षा असते, नोकरी गेलेली असते. दिवे रात्री दोनपर्यंत जळतात. गवत संपलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. घाईत पोळीचा तुकडा नाहीतर बिस्कीट पुढे टाकलं जातं. आवाज चढतात, दारं आपटतात. एरवी जमिनीवर बसून हळू उचलणारा माणूस वरून झडप घालून उचलतो, आणि वरून आलेला हात सशाच्या लेखी घारीचा असतो. मालकाचं दुःख सशाला कळतं की नाही यावर मी वाद घालणार नाही. त्याची वेळ, खुराक, उजेड आणि स्पर्श एकदम बदलतात हे मात्र खरं, आणि आतड्याची लय याच चार गोष्टींवर बेतलेली आहे.

म्हणून वाईट दिवसांत दोन कामं कुणाला तरी नेमून द्यावीत: सुकं गवत आणि पाणी. खुराकातला मोठा वाटा, ऐंशी टक्क्यांच्या वर, गवताचाच हवा. सुकवलेलं मारवेल, धुतलेल्या दूर्वा चालतात. लसूणघासात कॅल्शियम फार, तो मोठ्या सशाला रोज नको. गाजर म्हणजे खाऊ. दिवाळीत पिंजरा रस्त्याकडच्या गॅलरीतून आतल्या खोलीत घ्यावा. उन्हाळ्यात पारा तिशीपलीकडे गेला की गारवा हवाच, कारण सशाला घाम येत नाही.

आणि पोट थांबलंच, तर घरातलं ॲमॉक्सिसिलिन त्याला पाजू नये; तोंडावाटे गेलेलं ते औषध उंडुकातले चांगले जिवाणू मारून जीवही घेऊ शकतं. बळेच भरवण्याआधी आतड्यात अडथळा नाही ना, हे डॉक्टरांना तपासू द्यावं. ते सलाईन देतील, वेदनाशामक देतील. नेताना टोपली झाकलेली असावी, आत त्याच्या ओळखीचं गवत असावं आणि जोडीचा ससा असेल तर त्यालाही सोबत न्यावं.