आपल्या अंगणातलं झाड आणि नगर परिषदेचा नकार

ब्रिटनमध्ये एखादं झाड वाचवायचं तर स्थानिक कौन्सिल त्या झाडापुरता संरक्षण आदेश काढते आणि मालकाला हरकतीसाठी किमान 28 दिवस देते. पुलगावात तसा आदेश कधी हाती पडत नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष कायद्याने नगर परिषद हद्दीतल्या झाडांना, खाजगी आवारातल्यासुद्धा, आधीच संरक्षण दिलं आहे. म्हणून इथे हरकत घ्यायची ती तोडीची परवानगी मागून, आणि नकार आला तर अपील करून.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. तो जागेवर येऊन पाहणी करतो, झाडावर नोटीस लागते. शेजाऱ्यांनाही हरकत घेता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. सावली काही एकाच घरावर पडत नाही.

सगळा जोर कारणावर द्या. झाड वाळलेलं, रोगट किंवा जीविताला, मालमत्तेला धोकादायक असेल, वाहतुकीला अडथळा होत असेल, तर कायदा मालकाच्या बाजूने आहे. भिंतीच्या भेगांचे, पोकळ बुंध्याचे फोटो जोडा. नुसत्या ‘पानांचा कचरा पडतो’ या तक्रारीने काम होत नाही, आणि होऊही नये. नकार लेखी घ्या. अपिलाची मुदत थोडी असते.

पन्नास वर्षांहून जुनं झाड 2021 च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. वारसा वृक्ष तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. अशा झाडाची आधी फांदीछाटणी मागून पाहा.