पुंज संगणनाच्या अध्ययनासाठी आवश्यक पूर्वज्ञान : नवी मुंबईतील महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विकसित झालेल्या सहा क्यूबिटच्या प्रक्रियकाची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे पुंज संगणन हा विषय नवी मुंबईतील महाविद्यालयांच्याही दाराशी आला आहे. मात्र त्यासाठी पुंज यांत्रिकीचे सखोल ज्ञान आधी हवे, या समजामुळे संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्यापासून दूर राहण्याचा संभव आहे.

गणितीय पूर्वज्ञान :
प्रारंभासाठी संमिश्र संख्या, सदिश, मॅट्रिक्सचा गुणाकार, आयगेन मूल्ये व प्राथमिक संभाव्यता आवश्यक आहे. एका क्यूबिटची अवस्था म्हणजे दोन संमिश्र घटकांचा सदिश होय. प्रत्येक घटकाच्या परिमाणाचा वर्ग मापनात ते उत्तर मिळण्याची संभाव्यता दर्शवितो. दहा क्यूबिटांच्या अवस्थेसाठी असे १०२४ घटक लागतात.

एक उदाहरण :
'शून्य' अवस्थेवर हॅडामार्ड द्वार एकदा लावल्यास 'शून्य' व 'एक' या दोन्ही उत्तरांची संभाव्यता १/२ होते. तेच द्वार पुन्हा लावल्यास 'एक' या उत्तराकडे नेणारे दोन घटक +१/२ व −१/२ असल्याने त्यांची बेरीज शून्य होते आणि उत्तर निश्चितपणे 'शून्य' येते. नाणे दोनदा उडवून अशी निश्चितता लाभत नाही. म्हणूनच 'हा संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो' हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे ठरते. चुकीच्या उत्तरांचे घटक क्षीण करणे व योग्य उत्तराचा घटक वाढविणे, हे या संगणनाचे मर्म आहे. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या शोधपद्धतीने दहा लाख नोंदींतील एक नोंद सुमारे ८०० पायऱ्यांत सापडते, ती याच तत्त्वामुळे.

भौतिकशास्त्राचे स्थान :
अल्गोरिदमच्या अभ्यासासाठी अध्यारोपण, मापन व एन्टँगलमेंट ही तत्त्वे गृहीतकांच्या रूपात स्वीकारून पुढे जाता येते. प्रत्यक्ष यंत्रनिर्मितीकडे वळणाऱ्यास मात्र पुंज यांत्रिकी, अतिवाहकता व अतिशीत तापमानाचे तंत्र यांचा अभ्यास अटळ आहे.

समारोप :
रेषीय बीजगणिताचा पाया नसलेला विद्यार्थी तयार सॉफ्टवेअरवर प्रयोग चालवू शकेल. परंतु आलेले उत्तर तेच का आले, हे त्याला सांगता येणार नाही. यास्तव गणित, संगणकशास्त्र व भौतिकशास्त्र या विभागांनी अध्यापनाची संयुक्त आखणी करणे आणि तिचा आरंभ गणितापासून करणे उचित ठरेल.