संगणकांची दवंडी

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात सोमाटण्याजवळ शिरगाव नावाचे गाव आहे. तेथील साईबाबांच्या मंदिरामुळे पुष्कळ लोक त्यास 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखतात. परंतु शिरगाव हे नाव काही ह्या एकाच गावाचे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यात एक शिरगाव आहे. पालघरजवळ समुद्रकाठी किल्ला असलेले दुसरे शिरगाव आहे. गोव्यात डिचोली तालुक्यात लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेले तिसरे शिरगाव आहे. कोणी पाकिटावर केवळ 'शिरगाव' एवढेच लिहून ते टपालपेटीत टाकले, तर ते कोणत्या शिरगावी जावे? नावाने ओळख होते, परंतु तेवढ्याने ठिकाण समजतेच असे नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी भारतीय डाक खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकतार खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. ते संस्कृतचे विद्वान आणि कवीही होते. पिनकोडात सहा अंक असतात. पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा. उरलेले तीन अंक पोस्ट ऑफिसाचे असतात. पुण्याच्या मुख्य पोस्ट ऑफिसाचा पिनकोड ४११००१ आणि लोणावळ्याचा ४१०४०१ आहे. दोहोंच्या आरंभी ४१ हेच अंक आहेत. म्हणून लोणावळे कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा दूरच्या प्रांतातील कर्मचाऱ्यालाही ते पत्र योग्य दिशेच्या थैलीत टाकता येते.

तथापि पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसापर्यंतच आणतो. तेथून पुढे दार शोधावे लागते. समजा, एखाद्या गावात पोस्टमन नवा आहे आणि त्याला कोणाचेच घर माहीत नाही. त्याने चावडीसमोर उभे राहून मोठ्याने विचारले, "ह्या पत्त्याचे पत्र कोणाचे?" आवाज सर्वांच्या कानी पडेल, पण उत्तर ज्याचे पत्र तोच देईल. पोस्टमन आपल्या वहीत त्याचे घर टिपून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी न विचारता थेट त्याच्या दारी जाईल. संगणकही परस्परांना निरोप पाठवताना अगदी असेच करतात. त्यांची ही दवंडी आपल्या कानांना ऐकू येत नाही, इतकेच.

एका खोलीतील किंवा एका इमारतीतील संगणक एकमेकांना जोडण्याची 'इथरनेट' नावाची पद्धत १९७३ साली अमेरिकेत निघाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. आरंभी सर्व संगणक एकाच तारेला जोडलेले असत. त्यामुळे एकाने पाठवलेला निरोप सर्वांपर्यंत जाई, आणि तो कोणासाठी आहे हे कळण्यास पत्त्याची गरज पडे. हा पत्ता संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या भागाला कारखान्यातच दिला जातो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यात शून्य किंवा एक अशा ४८ खुणा असतात. अशा एका खुणेला 'बिट' हे नाव आहे. पहिल्या २४ बिटांवरून यंत्र बनवणारी कंपनी कळते. आयईईई ही अभियंत्यांची संस्था हे आकडे कंपन्यांना वाटून देते. पुढचे २४ बिट ती कंपनी आपल्या प्रत्येक यंत्राला निरनिराळे देते. अशा रीतीने सुमारे २८१ लाख कोटी पत्ते तयार होऊ शकतात. म्हणून दोन यंत्रांना एकच मॅक पत्ता मिळण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

परंतु ह्या पत्त्यात एक उणीव आहे. यंत्र कोणी बनवले हे त्यावरून समजते, ते कोठे आहे हे समजत नाही. शिरगावातील संगणक उचलून लोणावळ्यास नेला, तरी त्याचा मॅक पत्ता बदलत नाही. म्हणून संगणकाला आणखी एक पत्ता द्यावा लागतो. तो आयपी पत्ता होय. त्याच्या जुन्या व प्रचलित प्रकारात चार संख्या असतात, जसे १९२.१६८.१.२०. पुढच्या संख्या जाळे कोणते ते सांगतात, तर मागच्या संख्येने त्या जाळ्यातील यंत्र कळते. यंत्राची जागा बदलली की हा पत्ताही बदलतो. पिनकोडाशी त्याचे साम्य येथेच आहे.

आता शिरगावच्या एखाद्या शाळेत संगणकांची खोली आहे, असे समजा. एका मुलीने आपल्या संगणकावरून शेजारच्या संगणकाकडे एक चित्र पाठवले. तिच्या संगणकाचा आयपी पत्ता २० ह्या संख्येने संपतो, तर शेजारच्या संगणकाचा ३५ ने. आधीच्या तिन्ही संख्या सारख्याच आहेत. मुलीने केवळ एक कळ दाबली. पुढचे सारे काम संगणकातील संचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, करते. विंडोज, लिनक्स ही अशा प्रणालींची नावे होत.

ही प्रणाली प्रथम दोन्ही पत्ते ताडून पाहते. पुढच्या संख्या जुळल्या, तेव्हा मुक्काम आपल्याच जाळ्यात आहे, हे तिला कळते. परंतु इथरनेटच्या तारेवर लखोटा टाकायचा, तर त्यावर मॅक पत्ता लिहावा लागतो. तो तिला ठाऊक आहे काय? ती आपली टिपणवही उघडते. त्या वहीत कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता, हे लिहिलेले असते. ३५ ची नोंद तेथे नसेल, तर ती चित्र क्षणभर थांबवून ठेवते आणि दवंडी पिटते.

ह्या दवंडीच्या लखोट्यावर पत्त्याच्या जागी ४८ च्या ४८ बिट 'एक' असे लिहिलेले असतात. त्याचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. आत प्रश्न असतो : "ज्याचा आयपी पत्ता ३५ ने संपतो, त्याने आपला मॅक पत्ता २० ला कळवावा." खोलीतील प्रत्येक संगणक हा प्रश्न वाचतो. ज्याचा तो पत्ता नाही, तो गप्प राहतो. ज्याचा आहे, तो उत्तर देतो. हे उत्तर मात्र सर्वांना नसून केवळ विचारणाऱ्यालाच जाते. प्रश्नात विचारणाऱ्याचे दोन्ही पत्ते असल्यामुळे उत्तर देणारा तेही आपल्या वहीत टिपून घेतो. त्यामुळे त्याला उलट दवंडी पिटावी लागत नाही. ह्या रीतीला एआरपी असे नाव असून डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये ती नियमबद्ध केली. आज वायफायवरही जुन्या आयपी पत्त्यांसाठी हीच रीत चालते.

उत्तर आलेच नाही, तर? लिनक्स प्रणाली सामान्यतः एकेका सेकंदाच्या अंतराने तीन वेळा विचारते. तरीही सारे गप्प राहिले, तर ते यंत्र सापडत नाही, असे ती कळवते.

पत्र परगावी जायचे असेल, तेव्हा रीत थोडी बदलते. त्या मुलीला मुंबईतील एखाद्या ग्रंथालयाच्या संगणकावरून पुस्तकांची यादी हवी आहे, असे समजा. त्या संगणकाच्या पत्त्यातील पुढच्या संख्या जुळत नाहीत. तो येथील दवंडी ऐकूही शकणार नाही. अशा वेळी प्रणाली मुंबईच्या यंत्राचा मॅक पत्ता विचारीतच नाही. ती आपल्या जाळ्याच्या वेशीवर असलेल्या राउटर नावाच्या यंत्राचा पत्ता विचारते आणि लखोटा त्याच्या हाती देते. राउटर बाहेरचा लखोटा फोडून आतले पत्र पुढच्या टप्प्याच्या नव्या लखोट्यात घालतो. वाटेत लखोटे बदलत जातात, परंतु आतील पत्रावर मुंबईतील मुक्कामाचा पत्ता कायम राहतो.

टिपणवहीतील नोंदी मात्र फार काळ खऱ्या मानून चालत नाहीत. यंत्र बंद होते, बिघडते, कधी त्याच्या जागी दुसरे येते. जुन्या नोंदीवर विसंबून पाठवलेले पत्र रिकाम्या घराशी जाऊन पडेल. म्हणून लिनक्स आणि विंडोज ह्या प्रणाली एखादी नोंद साधारणतः पंधरा ते पंचेचाळीस सेकंद निश्चित मानतात. त्यानंतर तिची गरज पडली, तर ती अजून खरी आहे काय, हे त्या पुन्हा पडताळून घेतात. जाळ्यात नव्याने येणारा संगणकही एक सावधगिरी बाळगतो. मिळालेला आयपी पत्ता वापरण्यापूर्वी तो स्वतःच दवंडी पिटतो : "हा पत्ता कोणी वापरीत आहे काय?" ह्या एका प्रश्नाला कोणी उत्तर न देणे, हेच त्याला हवे असते.

ह्या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दवंडीला आलेले उत्तर खरे की खोटे, हे तपासण्याची सोय एआरपीच्या मूळ नियमांत नाही. त्या काळी एका जाळ्यातील संगणक बहुधा एकाच संस्थेचे असत आणि ते वापरणारे एकमेकांना ओळखत असत. आज स्थानकावर किंवा उपाहारगृहात अनोळखी माणसेही एकाच जाळ्यात येतात. त्यांतील एखाद्याच्या यंत्राने "वेशीवरचा राउटर तो मीच" असे खोटे उत्तर दिले, तर इतरांची पत्रे त्याच्या हाती पडू शकतात. पोस्टमनला कोणीतरी खोटे घर दाखवून दुसऱ्याची मनीऑर्डर लाटावी, तसाच हा प्रकार आहे.

ह्यावर उपायही निघाले आहेत. अनेक संगणकांना जोडणारी 'स्विच' नावाची काही यंत्रे आता अशी उत्तरे तपासतात आणि खोटी आढळल्यास अडवतात. शिवाय पत्रातील मजकूरच सांकेतिक लिपीत पाठवला जातो. त्यामुळे ते परक्याच्या हाती पडले, तरी त्याला वाचता येत नाही. पैशाचा व्यवहार करताना संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा, आणि संगणकाने धोक्याची सूचना दिली तर पुढे जाऊ नये, असे मोठी माणसे बजावतात, त्याचे कारण हेच आहे.

मॅक पत्ता कायमचा असण्यातही एक धोका लोकांच्या ध्यानात आला. तोच पत्ता ठिकठिकाणी दिसला, तर फोन बाळगणारा माणूस कोठे कोठे गेला, हे दुसऱ्याला कळू शकते. म्हणून २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० आणि २०२० साली आलेल्या आयओएस १४ ह्या प्रणालींपासून अनेक फोन कारखान्याचा पत्ता झाकून ठेवतात आणि प्रत्येक वायफाय जाळ्यासाठी निराळा मॅक पत्ता वापरतात.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पिनकोडाचा आरंभही १५ ऑगस्टचाच. टपालाच्या थैलीतून जाणारे पत्र असो की तारेतून धावणारे चित्र असो, त्याला योग्य गावी नेण्याचे काम नीट रचलेला पत्ता करतो. शेवटच्या दाराशी मात्र कोणाला तरी विचारावेच लागते. तेथे उत्तर देणाऱ्याने खरे सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते वेळोवेळी पडताळून घेतले, म्हणजे पत्र ज्याचे त्याला पोचते.