सतरंज्या उचलणाऱ्यांना हिशेबही कळू द्या

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. याआधी असे वर्ष २००१ मध्ये झाले होते. निमित्त मिळाले की नेतृत्व विकासाची शिबिरे भरतात. माईक हातात कसा धरावा, सभा कशी जिंकावी, हे तिथे शिकवतात. शिकावे जरूर. पण मंडळ, वाचनालय किंवा महिला बचतगट चालवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. इथे पगार नसतो, बढती नसते, हुकूम सोडण्याची सोय नसते. निर्णय न पटलेला कार्यकर्ता बहुधा भांडत बसत नाही. तो पुढच्या बैठकीला येत नाही.

अशा कामाला लागणारे नेतृत्व कसे घडते, हे पाहायचे तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाकडे वळावे लागते. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, त्याच्याही बातम्या झाल्या. या साऱ्यामागे असलेल्या अभ्यासगटाची चर्चा मात्र फारच कमी झाली.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने रुजलेली ही पद्धत अगदी साधी आहे. विषय जंगलाचा असो, दारूचा असो की एखाद्या कायद्याचा, ज्याला रस आहे त्याने अभ्यासगटात बसायचे. बाहेरचा जाणकारही येतो, बोलतो, प्रश्न झेलतो. निर्णय मात्र ग्रामसभेचाच, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचे. बहुमताने विरोधकाला गप्प करता येते, पण दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावता येत नाही, ही जाण या पद्धतीच्या मुळाशी आहे. चर्चेत बसून बसून माणसे कायदा समजून घेतात, अधिकाऱ्याला प्रश्न विचारतात. पुढारी तयार होण्याची याहून चांगली शाळा मला दिसत नाही.

यात वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात बोटी कुठे पाठवायच्या, यावर सहमतीची वाट पाहणे शक्यच नव्हते. पण अशा वेळी एकाच्या शब्दावर चाळीसजण धावतात, ते आधीच्या विश्वासामुळे. तो विश्वास कोरड्या दिवसांतल्या कंटाळवाण्या बैठकांमध्येच जमा होतो.

आपल्या बहुतेक संस्थांत नेमके उलटे चालते. तरुणांनी वर्गणी गोळा करायची, मांडव घालायचा, सतरंज्या उचलायच्या. पावतीपुस्तक, बँकेचे कागद आणि धर्मादाय कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार दोघा-तिघांच्या कपाटात. मग तेच दोघे-तिघे ‘नवी पिढी पुढे येत नाही’ म्हणून हळहळतात. माहितीच दिली नाही, तर ती येणार कशी?

सुरुवात अवघड नाही. दर बैठकीला अध्यक्षस्थानी वेगळा सभासद बसवावा. इतिवृत्त त्याच रात्री सगळ्यांना पाठवावे. आणि येत्या सर्वसाधारण सभेत हिशेब सगळ्यांत नव्या कार्यकर्त्याने वाचावा. त्याआधी खजिनदाराने त्याला शेजारी बसवून एकेक पावती तपासून घ्यावी.